जंतुशास्त्रज्ञ हाफकिन

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच बंदराचे पाणी ओलांडून उरणजवळच्या मोऱ्याला जाते. दुसरी अलिबागच्या वाटेवरील रेवसला लागते. रायगड जिल्ह्याचा हा किनारा मोठा रमणीय आहे. माडापोफळींच्या बागा, भाताची खाचरे, पांढरीशुभ्र मिठागरे आणि खाडीच्या काठी वसलेल्या कोळी व आगरी लोकांच्या वाड्या पाहून मन प्रसन्न होते. पण येथे चोहीकडे पाणी असले, तरी पिण्याजोगे गोडे पाणी पूर्वीपासून थोडेच. पुष्कळ गावांना एखादी विहीर किंवा एखादे तळे, तेवढाच आधार असे. मृगाचा पाऊस कोसळू लागला, की वरच्या अंगाची घाण वाहत येऊन त्या पाण्यात मिसळे आणि मग पटकीची साथ गावात शिरे. सकाळी अंगणात बागडणारे मूल दुपारी जुलाबांनी व ओकाऱ्यांनी गळून जाई. त्याचे डोळे खोल जात, जीभ कोरडी पडे, हातापायांना पेटके येत आणि पुष्कळदा दुसरा दिवस उजाडण्यापूर्वीच सारे संपून जाई. भयभीत झालेले गावकरी जरीमरीला साकडे घालीत. रोग कोठून येतो हेच ठाऊक नसलेल्या त्या बिचाऱ्यांनी दुसरे काय करावे?

केवळ कोकणाचीच नव्हे, तर साऱ्या जगाची ही व्यथा होती. १८१७ साली बंगालमधून उठलेली पटकीची साथ मुंबईपर्यंत येऊन पोहोचली आणि पुढे शंभर वर्षांत ह्या रोगाने अनेकदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा ह्या शत्रूशी झुंज घेण्यासाठी ज्यांनी आपला देह पणाला लावला आणि आपले ऐन उमेदीचे आयुष्य भारताच्या सेवेत घालविले, त्या थोर शास्त्रज्ञाचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा ह्या शहरी झाला. हे शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. त्यांचे घराणे ज्यू धर्माचे. रशियात त्या काळी ज्यू लोकांचा फार छळ होई. त्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत, घरेदारे लुटली जात. १८८१ साली ओडेसा येथे असाच दंगा उसळला, तेव्हा विश्वविद्यालयात शिकणारा हा तरुण आपल्या लोकांच्या रक्षणासाठी पुढे झाला आणि त्यापायी त्याला अटकही झाली. मेच्निकॉफ हे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ त्याचे गुरू होते. त्यांच्या मध्यस्थीने त्याची सुटका झाली. पुढे त्याने पदवी मिळविली, परंतु धर्म बदलल्यावाचून अध्यापकाचे मानाचे पद मिळणे शक्य नव्हते. धर्मांतर करून मोठेपणा मिळविण्यापेक्षा हाफकिन यांनी जन्मभूमी सोडणे पसंत केले. १८८८ साली ते स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे गेले आणि तेथून पुढील वर्षी पॅरिसला पोहोचले.

पॅरिस येथे लुई पाश्चर यांच्या नावाने नुकतीच एक संशोधनसंस्था उभी राहिली होती. गुरू मेच्निकॉफ तेथेच काम करीत होते. पण संस्थेत जागा रिकामी होती ती केवळ ग्रंथालयात. हाफकिन यांनी तीही आनंदाने पत्करली. दिवसाचे नेमून दिलेले काम आटोपले, की ते प्रयोगशाळेत जात आणि सूक्ष्मदर्शक यंत्रापुढे तासन् तास बसून जंतूंचा अभ्यास करीत.

पटकीचा जंतू तोवर ओळखीचा झाला होता. पाचिनी ह्या इटालियन शास्त्रज्ञाने तो १८५४ सालीच पाहिला होता. पण त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी इजिप्तमध्ये व नंतर १८८४ साली कलकत्त्यास संशोधन करून हाच जंतू पटकीला कारण होतो असे दाखविले. स्वल्पविरामासारखा वाकडा असा हा जंतू दूषित पाण्यातून व अन्नातून माणसाच्या पोटात शिरतो आणि आतड्यात वाढतो. शत्रू कोण हे कळले. परंतु त्याला अडवावे कसे? स्पेनमध्ये फेरान नावाच्या वैद्याने १८८५ साली पटकीची लस टोचून पाहिली होती. तथापि तिच्याविषयी शास्त्रज्ञांची खात्री पटली नव्हती.

हाफकिन यांनी ह्याच प्रश्नाला हात घातला. जंतू एकाएकी दुबळा करता येतो, तसाच तो प्रबळही करता येतो, हे त्यांनी जाणले. एका गिनिपिगच्या पोटाच्या पोकळीतून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या पोटातून तिसऱ्याच्या, असा जंतूंचा प्रवास त्यांनी एकोणचाळीस वेळा घडविला. त्यायोगे जंतूंचा जोर पुष्कळ वाढला. उलट, उष्ण हवेच्या झोतात वाढविलेल्या जंतूंचा जोर उणावला. प्रथम दुबळ्या जंतूंची व काही दिवसांनी प्रबळ जंतूंची लस टोचली असता जनावरे पटकीच्या मारक मात्रेलाही दाद देत नाहीत, असे त्यांना आढळून आले.

पण जनावरांचे जे होते, ते माणसाचे होईलच असा नेम नाही. माणसावर प्रयोग केल्यावाचून गत्यंतर नव्हते आणि त्या प्रयोगात जीवही गेला असता. हे संकट दुसऱ्यावर कसे लोटावे? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्यांना ताप भरला, अंग दुखू लागले, टोचल्या जागी सूज आली. सहा दिवसांनी त्यांनी प्रबळ जंतूंची दुसरी लसही टोचून घेतली. थोड्याच दिवसांत ते पूर्ववत बरे झाले. त्यानंतर त्यांच्या काही मित्रांनी स्वखुशीने लस टोचून घेतली आणि तेही सुखरूप राहिले. त्या वेळी हाफकिन अवघे बत्तीस वर्षांचे होते.

लस निरुपद्रवी आहे हे सिद्ध झाले; ती गुणकारी आहे काय, हे मात्र जेथे पटकीचे ठाण मांडलेले आहे अशा देशातच ठरणार होते. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास येऊन दाखल झाले. येथे त्यांच्या वाटेत अनेक अडचणी उभ्या राहिल्या. ते धंद्याने वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. म्हणून सरकारी वैद्यकीय अधिकारी त्यांच्याकडे साशंकतेने पाहत. ते रशियातून आलेले, म्हणून इंग्रज राज्यकर्त्यांनाही त्यांचा पुरता भरवसा वाटत नव्हता. लोकांना तर सुई टोचणारा हा गोरा परदेशी म्हणजे एक नवीनच अरिष्ट वाटे. काही ठिकाणी त्यांच्यावर दगडही भिरकावले गेले. तेव्हा ते जमावासमोर आधी स्वतःला सुई टोचून घेत आणि मग इतरांना विचारीत. त्यांनी कोणावरही बळजबरी केली नाही. जो आपण होऊन पुढे येईल, त्यालाच लस द्यावयाची, असा त्यांचा बाणा होता.

लोकांची मने जिंकणे हे एक काम. लसीचा गुण खरा की भासमान, हे पारखणे हे दुसरे काम. त्यासाठी हाफकिन यांनी जी रीत अवलंबिली, ती समजून घेण्याजोगी आहे. एका गावात लस टोचली आणि तेथे साथ आली नाही, एवढ्यावरून लस गुणकारी ठरत नाही. साथ कदाचित आलीच नसती. म्हणून एकाच वस्तीत, एकाच घरात राहणाऱ्या, एकच पाणी पिणाऱ्या माणसांपैकी काहींनी लस घेतली व काहींनी घेतली नाही, तर त्या दोहोंत आजारी किती पडले, हे ते मोजून पाहत. १८९४ साली कलकत्त्यातील काठाल बागान नावाच्या गरीब वस्तीत साथ उद्भवली. तेथील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. पुढे त्या वस्तीत दहा जणांना रोगाची बाधा झाली व त्यांतील सात दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. खेडोपाडी, छावण्यांत, चहाच्या मळ्यांत असे हिंडत हाफकिन यांनी दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. अखेर हिवतापाने त्यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना काही काळ विश्रांतीसाठी युरोपात परतावे लागले.

ते पुन्हा भारतात आले, तोच मुंबईवर दुसरे संकट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील एका रुग्णास प्लेग झाल्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय वैद्यांनी ओळखले. पाहता पाहता साथ पसरली. गिरण्या ओस पडल्या. कोकणातून पोटासाठी मुंबईस आलेली माणसे बोटीने, पडावाने, मिळेल त्या साधनाने आपापल्या गावी पळू लागली आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव पोहोचला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला, तो ह्याच साथीत.

सरकारने हाफकिन यांना तातडीने मुंबईस पाठविले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली, एक ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच सरंजाम मिळाला. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर त्यांनी रात्रंदिवस काम चालविले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू चांगले वाढतात, असे त्यांना दिसून आले. ते जंतू उष्णता देऊन मारावयाचे आणि त्या मृत जंतूंची लस करावयाची, अशी ही युक्ती होती. तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पुन्हा एकदा तीच रीत पाळली. पहिली लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस घेतलेल्यांपेक्षा न घेतलेल्यांत रोगाचे व मृत्यूचे प्रमाण पुष्कळ अधिक आढळले. मुंबईसमोरच्या किनाऱ्यावर मोरा येथेही ह्या लसीचा पडताळा पाहण्यात आला. आगाखान यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली, तेव्हा लोकांचा विश्वास दृढ झाला. १८९९ साली परळ येथील जुन्या राजभवनात हाफकिन यांची प्रयोगशाळा थाटण्यात आली आणि तेथून लाखो माणसांसाठी लस जाऊ लागली.

कीर्ती अशी शिगेला पोहोचली असतानाच दैवाने घाला घातला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल ह्या गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचण्यात आली. थोड्याच दिवसांत त्यांतील एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस टोचलेले होते. चौकशी झाली आणि दोष परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजेच हाफकिन यांच्यावर ठेवण्यात आला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ साली खिन्न मनाने ते भारत सोडून गेले. ज्याने प्रत्येक लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, त्याच्यावरच माणसांच्या जिवाविषयी बेफिकीर असल्याचा ठपका यावा, ह्याहून क्रूर विटंबना कोणती?

परंतु हाफकिन खचले नाहीत. ते आपली बाजू पुराव्यानिशी मांडीत राहिले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. मुलकोवाल येथे बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला, हे चौकशीच्या कागदपत्रांतच नमूद होते. बाटली प्रयोगशाळेतून दूषित होऊन आली असती, तर ती उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ साली हाफकिन यांच्या बाजूने जाहीर आवाज उठविला. अखेर सरकारला त्यांच्यावरील ठपका दूर करावा लागला. ते पुन्हा भारतात आले आणि कलकत्त्यास काम करू लागले. पण परळची आपली प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. काही वर्षांनी निवृत्त होऊन ते युरोपात गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांनी जगाचा निरोप घेतला. ते अविवाहित होते. तथापि त्यापूर्वीच, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव देऊन भारताने त्यांचे ऋण मान्य केले होते. १९६४ साली त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीटही निघाले.

हाफकिन यांची पटकीची लस निर्दोष होती असे नाही. तिचा प्रभाव फार काळ टिकत नसे. टोचण्याच्या लसीची जागा आज तोंडाने घ्यावयाच्या लसींनी घेतली आहे. पण त्यांनी ज्या शत्रूवर पहिला धाडसी हल्ला चढविला, त्याचे कपट पुढे भारतीय शास्त्रज्ञांनीच पुरते उघडकीस आणले. १९५९ साली कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले, की पटकीचा जंतू रक्तात शिरत नाही की आतड्याला भोके पाडीत नाही. तो आतड्याच्या अस्तराला चिकटून राहतो आणि एक विष सोडतो. त्या विषाच्या योगे अस्तरातील पेशी शरीरातले क्षार व पाणी आतड्यात ओतू लागतात. बादलीला छिद्र पडावे, तसे शरीर रिते होत जाते. मुलाचा देह लहान, त्यातील पाण्याचा साठाही लहान. म्हणून ते मोठ्या माणसाआधी कोमेजते.

हीच युक्ती दुसरेही काही जंतू वापरतात. एशेरिख ह्या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या मलात एक जंतू शोधून काढला. तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. हा जंतू निरोगी माणसाच्या आतड्यातही सुखाने नांदतो व सहसा काही अपाय करीत नाही. मात्र त्याच्या काही जाती पटकीसारखेच विष तयार करतात आणि लहान मुलांना अतिसार जडवितात. जपानी शास्त्रज्ञ शिगा यांनी १८९७ साली शोधलेले जंतू तर आतड्याच्या अस्तरातच घुसतात. त्यामुळे शौचावाटे आव व रक्त पडते. ह्या साऱ्यांचा मार्ग एकच: मलातून पाण्यात, माश्यांच्या पायांवर, न धुतलेल्या हातांवर, आणि तेथून मुलाच्या तोंडात.

ह्या ज्ञानातूनच एक अगदी साधा उपाय हाती आला. जंतूचे विष पाणी बाहेर घालवीत असताही साखर व मीठ ही एकत्र आत घेण्याची आतड्याची शक्ती शाबूत राहते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात शोषले जाते. १९७१ साली बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजूनच असंख्य रुग्णांना वाचविले. एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि अतिसार झालेल्या मुलाला ते थोडे थोडे पाजीत राहावे. अंगावरचे दूध तोडू नये. मूल मलूल झाले, त्याला पाणी पोटात ठरेनासे झाले किंवा शौचावाटे रक्त पडू लागले, तर क्षणाचाही विलंब न करता वैद्याकडे न्यावे.

परळच्या त्या जुन्या वास्तूत आजही हाफकिन यांचे नाव झळकत आहे. ते ना आपल्या देशाचे, ना आपल्या धर्माचे, ना आपल्या भाषेचे. तरीही येथल्या दरिद्री वस्त्यांतील मुलाबाळांसाठी त्यांनी दोन वेळा आपला प्राण तराजूत घातला आणि त्याबद्दल मिळालेला अपमानही मुकाट्याने नव्हे, तर सत्याची कास धरून सोसला. विहिरीभोवती घाण होऊ न देणे, शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, पाणी झाकून ठेवणे, अन्नावर माश्या बसू न देणे, एवढे तर आपल्या प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे. ज्या शत्रूशी ते झुंजले, त्याची वाट आपल्या घराच्या दाराशीच अडविणे, हेच त्यांचे खरेखुरे स्मारक होय.

स्वाध्याय

१. हाफकिन यांनी आपली जन्मभूमी का सोडली?
२. एकाच वस्तीतील लस घेतलेल्या व न घेतलेल्या लोकांची तुलना करण्यात हाफकिन यांचा हेतू कोणता होता?
३. मुलकोवाल येथील दुर्घटनेचे खरे कारण काय होते? हाफकिन निर्दोष होते हे कशावरून दिसते?
४. पटकीचा जंतू शरीरात काय करतो, ते आपल्या शब्दांत सांगा. साखर-मिठाचे पाणी त्यावर उपयोगी का पडते?
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : साकडे घालणे, पणाला लावणे, दाद न देणे, कास धरणे.
६. आपल्या गावातील किंवा वस्तीतील पिण्याचे पाणी कोठून येते व ते कसे राखले जाते, ह्याची माहिती मिळवून दहा-बारा ओळी लिहा.